जयवंतीसाठी राखलेलं प्रकरण

‘तिच्या पापण्यांच्या शिंपल्यांत दोन मोती अडकले होते,’ सत्यभामेने वाचलं, आणि काजू सोलणाऱ्या बायांपैकी कोणीतरी म्हणालं, ‘अडाकले तर काढ म्हणा गो तिका. डोळो जातलो.’

खोलीभर हशा पिकला. मीही हसले असते, पण ते वाक्य माझं होतं.

वेंगुर्ल्याला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा, इंदूचा, काजूचा कारखाना होता. कारखाना म्हणजे फार काही नाही. मागच्या अंगाला काजू भाजायची भट्टी, पुढे दोन लांबट कौलारू खोल्या. त्यातल्या एका खोलीत तीसएक बाया पाटावर बसून काजूगरांची पातळ साल काढायच्या. गोष्ट जुनी आहे. माझे केस तेव्हा काळे होते आणि माझं लिहिणं संपलं होतं. निदान मी तसं ठरवलं होतं.

मी प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायची. पुस्तकावर नाव रेवती किरण. हे नाव प्रकाशकांनी ठेवलेलं, कारण वत्सला प्रभुखानोलकर या नावाच्या बाईने लिहिलेलं प्रेम कोण विकत घेणार? नवरा बँकेत, मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, आणि टेबलावर कोणीतरी कोणाची तरी वाट बघत ताटकळत असायचं. वीसेक कादंबऱ्या झाल्या. मग एकविसावीच्या मध्यावर माझा नायक गच्चीवर गेला. त्याला नायिकेला काहीतरी सांगायचं होतं. काय, ते मला सुचेना. महिनाभर तो बिचारा गच्चीवर. मी भाजी चिरायची, परत टेबलाशी यायची, तो तिथेच उभा.

त्यात एकदा माझ्या लेकीने विचारलं, ‘आई, असं खरंच कोणाच्या आयुष्यात होतं का गं?’ तिने खवचटपणे विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे तिची खोड मोडली असती. पण पोरीने मनापासून विचारलं होतं. मग रात्रंदिवस तोच भुंगा. इतकी वर्षं मी जे लिहिलं ते कोणाच्या उपयोगाचं होतं? एसटीत वेळ जायला वाचायचं आणि उतरताना सीटवर विसरायचं, एवढंच ना? मी प्रकाशकांना फोन केला आणि सांगितलं की ही कादंबरी पुरी होणार नाही, आणि यापुढे दुसरीही येणार नाही. ते म्हणाले, ‘ताई, हवापालट करा.’ त्यांना वाटलं पित्त झालंय.

म्हणून मी इंदूकडे. मी कोण ते कोणाला सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातली होती. दुपारी वेळ जाईना म्हणून सोलायच्या खोलीत जाऊन बसले, आणि पाहते तो काय, सत्यभामा माझीच कादंबरी वाचतेय. नाव सांगत नाही, त्या नावाची मला अजून लाज वाटते.

त्यांची पद्धत अशी. जेवणं झाली की सत्यभामा सोलणं थांबवायची आणि वाचायची. ती हाडापेराने मोठी, आवाज खणखणीत. मजुरी सोललेल्या वजनावर, मग वाचणारीचं नुकसान कसं भरायचं? तर प्रत्येक बाई आपल्या टोपलीतले मूठभर सोललेले गर सत्यभामेच्या टोपलीत टाकायची. कोणी टाकले, कोणी नाही, हे कोणी बघत नसे. संध्याकाळी तिची टोपली सगळ्यांच्या बरोबरीने भरलेली असायची.

आणि ऐकणं म्हणजे काय ऐकणं! नायक श्रीरंग रात्री समुद्रावर एकटाच फिरतो, तर ‘घरात म्हातारी आवस आसा, तिका सोडून फिरता मेलो.’ नायिका केतकी उपाशी झोपते, तर ‘झोप, झोप. सकाळी आपसूक उठशीत आणि पेज जेवशीत.’ मी कोपऱ्यात बसून कानकोंडी होत होते. एकेका उपमेला मान खाली घालत होते. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वाचताना सत्यभामा जरा थांबली की तीस जणींच्या हातातल्या सुऱ्याही थांबायच्या.

दोनतीन दुपारी गेल्या. गैरसमज मिटले, केतकी आणि श्रीरंगचं लग्न झालं, आणि शेवटून दुसरं प्रकरण वाचून सत्यभामेने पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच जाऊन बसले. तर तिने पुस्तक उघडलं आणि मधलंच, लग्नाच्या आधीचं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं.

मला राहवेना. ‘सत्यभामा, शेवटचं राहिलंय ना?’

‘ता राखून ठेवला आसा,’ ती म्हणाली.

‘कोणासाठी?’

‘जयवंतीसाठी. ती इल्याशिवाय पुढे वाचूचा नाय.’

जयवंती तिच्या शेजारच्या पाटावर बसायची. तो पाट रिकामाच होता, मी इतके दिवस त्यावर पिशवी ठेवत होते. पोटाचं दुखणं निघालं म्हणून तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं, परत शिवलं आणि घरी न्या म्हणाले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. जयवंतीला मात्र तिच्या नवऱ्याने, गुणाजीने, कावीळ म्हणून सांगितलं होतं. आणि एकदा नवऱ्याने सांगितल्यावर बाकीच्यांनीही तेच सांगायचं ठरवलं.

‘आमची रीतच तशी,’ सत्यभामा म्हणाली. ‘कोण आजारी पडला, कोण बाळंत झाला, तर शेवट थांबता. एकीक सोडून दुसरीन शेवट ऐकूचो नाय.’

खरं सांगते, पहिल्यांदा मी मनातल्या मनात फुशारले. काय उत्कंठा निर्माण केलीय मी! शेवट काय होणार या ओढीने माणसं थांबून राहतायत. दोन घटका मी त्या फुशारकीत होते. मग मला शेवट आठवला.

वीस कादंबऱ्यांतली ही एकच, जिच्यात मी नायिकेला मारलं होतं. तिसरीच कादंबरी, माझं वय सव्वीस, आणि डोक्यात खूळ की मोठ्या लेखकांसारखं गंभीर काहीतरी लिहावं. केतकी आजारी पडते आणि श्रीरंगच्या हातात हात ठेवून जाते. प्रकाशक वैतागले, पुस्तक पडून राहिलं, आणि त्यानंतर मी कधी कोणाला साधा तापसुद्धा येऊ दिला नाही. ते लिहिलं तेव्हा मी कोणाचं मरण जवळून पाहिलेलंही नव्हतं.

आणि आता ते प्रकरण या बाया त्या मरणाऱ्या बाईला ऐकवणार होत्या.

‘बुधवारी कारखानो बंद आसा,’ सत्यभामा म्हणाली. ‘ती काय आता हंय येवची नाय. आमीच तिच्या घराक जातलो. तुमीव चला.’

मी इंदूला गाठलं. म्हटलं, ‘अगं, यांना थांबव. माझ्याकडे दुसऱ्या आहेत, गोड शेवटाच्या, ढीगभर. त्यातली एक न्या म्हणावं.’ इंदू म्हणाली, ‘वत्सू, मी त्यांची मालकीण आहे ती पाच वाजेपर्यंत. पुस्तकाच्या बाबतीत माझं कोण ऐकतंय?’ मग मी सत्यभामेलाच आडून सुचवून पाहिलं की आजारी माणसाला काहीतरी हलकंफुलकं बरं. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘ह्याच वाचूचा आसा,’ ती म्हणाली.

बुधवारी दुपारी इंदूलाही घेऊन आम्ही निघालो. पाखाडीच्या पायऱ्या चढत, काजूच्या झाडांखालून, तीसएक बाया एकामागून एक. कोणी शहाळी घेतलेली, कोणी कोवळ्या फणसाची भाजी डब्यात. जाताना नेहमीची थट्टामस्करी चाललेली. मी मात्र सगळ्यांच्या मागे चालत होते.

जयवंतीचं घर लहान, पुढचं खळं, म्हणजे अंगण, मोठं आणि सारवलेलं. तिथल्याच एका खांबाला उशा लावून तिला बसवलं होतं. अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं, डोळे पिवळे, पण बघणं अजून चांगलं तिखट. सगळ्या जणींना बघून म्हणाली, ‘इलास? माका वाटला, संपवलास वाचून.’

‘तुका टाकून?’ सत्यभामा म्हणाली.

गुणाजी उंबऱ्यात उभा होता. काळासावळा, उंच, बोलायला बिचकणारा माणूस. त्याने सगळ्यांना पाणी दिलं आणि परत उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. बायकोच्या जवळ जायला जणू त्याला भीती वाटत होती. खोटं सांभाळणारा माणूस असाच दुरून वागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सत्यभामेने पुस्तक काढलं. तेवढ्यात जयवंती म्हणाली, ‘सत्या नको आज. सत्या मदीच रडाक लागता. पावणी वाचतली.’

पाहुणी म्हणजे मी. पुस्तक माझ्या हातात आलं. वाचनालयाने काढून टाकलेली प्रत, कोपरे झिजून गेलेले, मध्ये दोऱ्याने शिवलेली. नाही कसं म्हणणार? मी वाचायला लागले.

मी लिहिलेलं मी कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. केतकी आजारी पडते, श्रीरंग तिला समुद्राकाठच्या घरात आणतो, खिडकी उघडतो. बाया गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. आज कोणी थट्टा करत नव्हतं. पान मी सावकाश उलटत होते, कारण पुढचं मला दिसत होतं.

‘डॉक्टर काय म्हणाले?’ केतकीने विचारलं.

‘बरी होशील म्हणाले,’ श्रीरंग म्हणाला.

मी मान वर केली. जयवंती माझ्याकडे टक लावून बघत होती. आणि मी पुस्तकावर नजर ठेवून, पुस्तकात नसलेलं वाचायला लागले. केतकीच्या गालांवर हळूहळू लाली परतली. तिने उठून बसून पेज मागितली. खिडकीतून कोवळं ऊन आत आलं आणि श्रीरंगने तिच्या केसांत फूल माळलं. वीस वर्षं असले शेवट लिहिले होते, एक आणखी करायला मला कितीसा वेळ? पाटाला पाणी सोडल्यासारखं भराभर सुचत होतं.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, ‘पान चुकला काय गो?’

‘दोन पानां एकदम उलाटली आसतली,’ दुसरी म्हणाली.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘असंच आहे इथे.’

‘बाय,’ जयवंती म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. ‘वायच थांबा. तसा नाय ता.’

आणि तिने खांबाला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि माझं वाक्य म्हटलं. तिच्या मालवणीत नाही, माझ्या पुस्तकी मराठीत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. ‘खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, श्रीरंग. खरं सांग, आणि मग इथे बस.’

‘केतकीचा आवाज शांत होता,’ सत्यभामा म्हणाली.

‘समुद्राला ओहोटी लागली होती,’ मागची म्हातारी म्हणाली. मग तिच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. एकीने सोडलं की दुसरी उचलत होती, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी पुस्तकात बोट घालून बसले होते आणि माझं पान तिथून चाललं होतं, खळ्यातून, तीस तोंडांतून. हे मी लिहिलं होतं? सव्विसाव्या वर्षी, गॅसवर दूध ठेवून? त्यातला एकही शब्द मला तोंडपाठ नव्हता.

‘त्याने खरं सांगितलं,’ सगळ्या जणी म्हणाल्या, आणि थांबल्या.

पुढे अजून वाक्यं होती. ती कोणी म्हटली नाहीत. जयवंतीने डोळे उघडले आणि उंबऱ्याकडे पाहिलं.

गुणाजीचा रंग असा की त्याचे कान लाल झाले असते तरी कोणाला दिसले नसते. तो खाली बघत होता. मग त्याने हातातला तांब्या उंबऱ्यावर ठेवला, खळ्यात आला, बायांमधून वाट काढत जयवंतीच्या शेजारी आला आणि उभ्यानेच म्हणाला, ‘कावीळ नाय ती.’

‘मगे?’

‘आंबे संपासर, म्हणान डॉक्टरांनी सांगल्यानी.’ आंबे संपेपर्यंत, तेवढेच दिवस.

जयवंतीने मान हलवली. रडली नाही. ‘माका ठावक होता,’ ती म्हणाली. ‘तुझ्या तोंडान ऐकूचा होता. आता बस हंय.’

तो बसला. खाली बसला आणि त्या एवढ्या उंच माणसाला रडू फुटलं. बाया आपल्या पदराने आपली तोंडं पुसत होत्या, पण जागची कोणी हलली नाही. मग सत्यभामेने उरलेली वाक्यं म्हटली. केतकी गेली. सत्यभामा खरंच मध्ये रडली, आणि मागच्या म्हातारीने तिचं वाक्य पुरं केलं.

मी हळूच सत्यभामेला विचारलं, ‘तुम्हाला सगळ्यांना शेवट ठाऊक होता?’

‘पाचदा वाचला आमी ह्या पुस्तक.’

‘मग राखून कशाला ठेवलात?’

तिने माझ्याकडे असं पाहिलं की एवढी शिकलेली बाई आणि हे विचारते. ‘ती मरता तवा सगळ्यांनी थंय असूक होया ना,’ ती म्हणाली. ‘एकट्यान मरूक देवचा तिका?’

माझी केतकी, कागदाची बाई, माझ्या खुळापायी मेलेली. मी तिला मारलं आणि उठून दूध उतरवलं. आणि या बाया पाच वेळा तिच्या उशाशी बसल्या होत्या. माझ्या लिहिण्याबद्दल मला इतका आदर आयुष्यात कधी वाटला नाही, आणि त्यात माझा वाटा किती थोडा होता हेही मला तेव्हाच कळलं. मोती अडकलेले डोळे त्यांनी हसून बाजूला काढले होते, आणि जे खरं होतं तेवढं घरी नेलं होतं.

इंदूने शहाळं फोडून जयवंतीच्या हातात दिलं. दोन घोट घेऊन ती म्हणाली, ‘पण एक सांगतंय. ज्या बायेन ह्या लिवल्यान, तिना एक चुकी केल्यान.’

‘काय?’ मी विचारलं.

‘ती मेली आणि पुस्तक संपला. पण तो थंयच बसलो आसा नि? तेच्याकडे कोणी बगूकच नाय. तेका कोणी जेवक घातल्यान काय? दार लावक तरी उठलो काय?’ तिने गुणाजीकडे पाहिलं नाही. त्याचा हात मात्र तिने धरून ठेवला होता. ‘माका तेचाच घोर लागता. तुमी मुंबयच्या. ती बाय खंय भेटली तर इचारा तिका.’

इंदू माझ्याकडे बघत होती. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

‘ती मीच,’ मी म्हटलं.

मला वाटलं होतं, गलका होईल. काही झालं नाही. मागच्या म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिची खात्री पटलेली दिसली नाही. सत्यभामेने नाक पुसलं. ‘मगे तू आयता वाचताना कशाक चुकलंस?’ ती म्हणाली, आणि ‘तुमी’वरून ‘तू’वर आली ती कायमची.

जयवंती जरा सरकली. तिच्या चटईवर एका माणसापुरती जागा झाली. ‘बस,’ ती म्हणाली. ‘आणि सांग.’

मी जाऊन बसले. सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं. श्रीरंगला मी त्या खिडकीपाशी सोडलं होतं आणि पुन्हा त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पलीकडे गुणाजी बसला होता, गुडघ्यात मान घालून, आणि तोही ऐकत होता.

‘दुसऱ्या दिवशी सकाळी,’ मी म्हणाले, ‘श्रीरंगने चूल पेटवली.’

‘पेटवूक येता तेका?’ जयवंतीने विचारलं.

‘नाही येत. घरभर धूर झाला.’

‘आणि भात?’

‘खाली लागला.’

बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आता कोणी पुढचं वाक्य उचलत नव्हतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. जयवंती पुढे वाकली.

‘पण खाल्ल्यान?’

गुणाजीने मान वर केली.

‘खाल्ला,’ मी म्हणाले. ‘सगळा खाल्ला.’